शिरेतून दिले जाणारे तीन चमचे तेल

पुसेगावच्या शिवारात, किंबहुना सगळ्या हिंगोली जिल्ह्यात, सोयाबीन हे खरिपाचे महत्त्वाचे पीक. त्याचे तेल आपण फोडणीला वापरतो. पण दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला हेच तेल, औषधाइतके शुद्ध करून, शिरेतून दिले जाते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून एनआयसीयूत बाळाच्या नळीतून पांढरे काही जाताना दिसले, की नातेवाईक घाबरतात. ‘दूध शिरेतून चाललंय की काय?’

ते दूध नसते, मेदाचे इमल्शन असते. बाळाच्या अंगात चरबी साठते ती मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. त्याआधी जन्मलेल्या किलोभर वजनाच्या बाळाकडे ही शिदोरी जवळजवळ नसतेच. आतडी कोवळी असल्याने पोटभर दूधही लगेच पचत नाही.

‘सलाईन चालू आहे, म्हणजे पोषण मिळतंय’ हा समज चुकीचा आहे. ग्लुकोजच्या १० टक्के सलाईनमधून १०० मिलीला सुमारे ३४ कॅलरी मिळतात. अशा बाळाला वाढीसाठी रोज किलोमागे १००च्या आसपास कॅलरी लागतात. ग्लुकोज आणखी घट्ट केले तर हातापायांच्या नाजूक शिरा सुजतात. मेद मात्र ग्रॅमला नऊ कॅलरी देतो. शिवाय मेंदू आणि डोळ्यांच्या वाढीला लागणारी आवश्यक मेदाम्ले त्यातूनच मिळतात. शरीर ती स्वतः तयार करू शकत नाही.

तेल तसेच शिरेत गेले तर रक्तवाहिनी तुंबेल. म्हणून अंड्याच्या बलकातील लेसिथिन वापरून त्याचे तांबड्या रक्तपेशीपेक्षाही बारीक थेंब केले जातात. पूर्वी अमेरिकेत सरकीच्या तेलाचे इमल्शन होते, पण दुष्परिणामांमुळे ते बंद करावे लागले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनचे डॉ. अर्विड रेटलिंड यांनी सोयाबीन तेलाचे सुरक्षित इमल्शन तयार केले.

मात्रा किती? किलोभराच्या बाळाला दिवसाला साधारण ३ ग्रॅम, म्हणजे २० टक्के इमल्शनचे १५ मिली, अवघे तीन चमचे. तेही सिरिंज पंपाने चोवीस तासांत. उजेडाने मेद खराब होतो, म्हणून सिरिंज आणि नळी झाकतात. रक्तातील ट्रायग्लिसराइड तपासतात, जंतुसंसर्गावर लक्ष ठेवतात. असे पोषण अनेक आठवडे चालले तर यकृतावर ताण येऊन कावीळ होऊ शकते. अशा वेळी माशाच्या तेलाचा अंश असलेली इमल्शन्सही वापरली जातात.

जिल्हा पातळीवरचा विशेष नवजात काळजी कक्ष, म्हणजे एसएनसीयू, दुसऱ्या स्तराची सेवा देतो. शिरेतून संपूर्ण पोषणाची सोय बहुधा तिसऱ्या स्तराच्या एनआयसीयूत असते. त्यामुळे डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितले तर वेळ दवडू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि तिथवरची वाहतूक मोफत आहे.

आणि आईने काय करावे? बाळ दूर असले तरी पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला सुरुवात करावी आणि दर दोन-तीन तासांनी काढत राहावे. सुरुवातीला थेंबभरच येईल, पण तोही मोलाचा. आईचे दूध कमी पडले तर काही ठिकाणी दूधपेढीचा आधार मिळतो. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. बाळाला दूध पचू लागले की शिरेतला मेद टप्प्याटप्प्याने कमी करून थांबवतात. शिरेतले तेल हा तोवरचा पूल आहे. बाळाला पोहोचायचे असते ते आईच्या दुधापर्यंत.