स्मरणार्थ रक्तदान, पण कधी?

आमच्या ओपीडीबाहेरच्या बाकांवर नावे आहेत. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.' काहींचा रंग उडालाय. एका पंख्याच्या तिन्ही पात्यांवर एकाच आजोबांचे नाव आहे. वीज गेली की ते वाचता येते. मला ही पद्धत आवडते. गेलेल्या माणसाच्या नावाने कोणाला तरी बसायला जागा मिळते, वारा मिळतो. अलीकडे त्यात स्मृतिदिनाच्या रक्तदान शिबिरांची भर पडली आहे. त्याविषयी थोडे लिहायचे आहे, कारण त्यात मी डॉक्टर असूनही चुकलो होतो.

वडील जानेवारीच्या अखेरीस गेले. पहिल्या वर्षी आम्ही भावंडांनी २६ जानेवारीला गावी शिबिर घेतले. मांडव, हार घातलेला फोटो, १४० पिशव्या. संध्याकाळी रक्तपेढीचे तंत्रज्ञ म्हणाले, "सर, आज तालुक्यातलं हे पाचवं शिबिर." मी ते कौतुक समजलो. अर्थ कळला तो मे महिन्यात, माझ्याच वॉर्डात.

तिथे अप्लास्टिक अॅनिमियाची एक रुग्ण होती. या आजारात अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला मगज, पुरेसे रक्त तयार करेनासा होतो. उपचारांना गुण येईपर्यंत माणूस दुसऱ्यांच्या रक्तावर जगतो. तिचे हिमोग्लोबिन ४ वर आले होते आणि तिच्या गटाची एकही पिशवी आमच्या रक्तपेढीत नव्हती. तिचा नवरा एसटीत कंडक्टर. तो दिवसभर उन्हात वणवण फिरला. रात्री साडेनऊला एक पिशवी मिळाली. ती लावताना मला वडिलांचा मांडव आठवत होता.

रक्ताला मुदत असते. तांबड्या पेशी शीतकपाटात ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम ५ दिवस. जानेवारीतली पिशवी मेपर्यंत पोहोचूच शकत नाही. राष्ट्रीय सण, पुढाऱ्यांचे वाढदिवस या दिवशी शिबिरांची गर्दी होते आणि उन्हाळ्यात, कॉलेजांना सुट्या लागून नेहमीचे दाते गावी गेले की रक्तपेढ्यांत खडखडाट होतो. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच.

तारीख बदलायची म्हटल्यावर भाऊ कुरकुरला. आईने विषय मिटवला. "श्राद्ध तिथीलाच करा. रक्ताचं मे महिन्यात. पाणपोई कुणी थंडीत घालतं का?"

तेव्हापासून आम्ही मांडव घालत नाही. एप्रिलअखेरीस रक्तपेढीला फोन करून किती पिशव्या हव्यात, कधी हव्यात हे विचारतो. कधी ते पंचवीसच म्हणतात. मग पंचवीसच.

त्या कंडक्टरची बायको त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास गेली. वर्षश्राद्धानंतर तो वॉर्डात आला. हातात शाळेची वही. "डॉक्टरसाहेब, तिला सगळ्या मिळून ३१ पिशव्या लागल्या. एकही देणारा आमच्या ओळखीचा नाही." त्याला सुईची भीती होती, अजूनही आहे, तो भिंतीकडे तोंड करून झोपतो. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचे अंतर ठेवावे लागते, स्त्रियांना १२०. काही फेऱ्या आजारपणात आणि करोनात हुकल्या. मागच्या वर्षी वहीत एकतिसावी ओळ भरली. मला वाटले, आता थांबेल. तीन महिन्यांनी हजर. त्याला आता ६३ वर्षे झाली आहेत आणि ६५ नंतर रक्त घेत नाहीत, हे त्याला मी अजून सांगितलेले नाही. बहुधा ठाऊक असावे.

तिथीच्या दिवशीच रक्त द्यायचे असेल तर एक अडचण ध्यानात घ्या. श्राद्धाला घरातली माणसे कावळा शिवेपर्यंत उपाशी असतात. तसेच उपाशीपोटी रक्त दिले की चक्कर येते. एका मुलाला मी मांडवातच आडवा झालेला पाहिला आहे. जेवून या, किंवा दुसऱ्या दिवशी या. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ लागते. पहिल्यांदाच देणाऱ्याचे वय ६० च्या आत हवे. इन्शुलिन घेणाऱ्यांनी देऊ नये.

आणखी एक. घरच्या शिबिरात 'नाही' म्हणणे जड जाते. वडिलांच्या नावाचे आहे म्हणून लोक नुकताच येऊन गेलेला ताप, जुनी कावीळ लपवतात. त्याचा त्रास ज्याला ते रक्त मिळते त्याला होऊ शकतो. अशांनी नावनोंदणीच्या टेबलावर बसावे, तिथे माणूस लागतोच.

मागच्या मे महिन्यात कंडक्टर मुलीला घेऊन आला. आई गेली तेव्हा ती नववीत होती. हिमोग्लोबिन १०.४ भरले आणि तिला परत पाठवावे लागले. ती रडायलाच लागली. "आईसाठी एवढंही जमत नाही मला." मी तिला खुर्चीवर बसवले, जेवणाखाणाची, पाळीची चौकशी केली. तिच्या वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींचे हिमोग्लोबिन आपल्याकडे कमी असते, हेही सांगितले. तपासण्या केल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या. चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घे, म्हटले.

ऑगस्टमध्ये ती एकटीच आली. १२.१. "अजून नाही," मी म्हटले. तिने पर्समधून ती वही काढली, मागच्या पानावर तारीख आणि आकडा लिहिला आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या मागितल्या.