पाळी-कामगारांचे निद्रास्वास्थ्य व अंकीय साधने

कारखाने, रुग्णालये, रेल्वे, विमानवाहतूक इ. क्षेत्रांत काम अखंड चालू ठेवण्यासाठी कामगारांना आळीपाळीने रात्रीही काम करावे लागते. त्यांच्या झोपेचे मापन व नियोजन करण्यासाठी मनगटी उपकरणे, मोबाइलवरील ॲप व संगणकीय प्रणाली ही अंकीय साधने वापरली जातात.

मेंदूतील अधोथॅलॅमसमधील जैव घड्याळ सुमारे २४ तासांच्या आवर्तनाने झोप, शरीराचे तापमान व हॉर्मोनांचा स्राव यांचे नियमन करते. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशामुळे ते दिवसरात्रीशी जुळते. रात्रपाळी करणाऱ्याचे घड्याळ बहुधा दिवसाशीच बांधलेले राहते. परिणामी पहाटे कामावर ग्लानी येते व दिवसा पुरेशी झोप लागत नाही. त्यामुळे चुका व अपघात यांचा संभव वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये जैव आवर्तन बिघडविणाऱ्या पाळीच्या कामाची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केली. २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामासाठी हेच वर्गीकरण कायम ठेवले.

मनगटी उपकरणातील प्रवेगमापक हालचालींवरून झोपेचा अंदाज करतो. निश्चल पडून जागी असलेली व्यक्ती त्याला निद्रिस्त वाटू शकते. म्हणून प्रयोगशाळेतील मेंदूच्या विद्युत् आलेखाची जागा तो घेऊ शकत नाही. मात्र अनेक आठवड्यांतील झोपेच्या वेळा व त्यांतील अनियमितता त्यावरून कळते.

जागरणाने वाढणारी झोपेची ओढ व जैव घड्याळ यांच्या परस्परक्रियेचे प्रतिमान अलेक्झांडर बॉर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडले. अशा प्रतिमानांवर आधारलेल्या प्रणाली वेळापत्रकावरून संभाव्य थकवा वर्तवितात. विमानवाहतुकीत त्यांचा वापर होतो. काही ॲप प्रखर प्रकाश केव्हा घ्यावा, घरी परतताना काळा चष्मा केव्हा लावावा, डुलकी व कॉफी केव्हा घ्यावी, यांविषयी सल्ला देतात. निद्रानाशावरील वर्तनोपचारही आता मोबाइलद्वारे देता येतात. परंतु रोज ठराविक वेळी उठण्याचा त्यांतील नियम पाळी बदलणाऱ्यास जसाच्या तसा लागू पडत नाही.

झोपेची नोंद मालकाच्या हाती गेल्यास ती कामगाराविरुद्ध वापरली जाण्याचा धोका असतो. म्हणून नोंदींची गुप्तता व कामगाराची संमती आवश्यक ठरते. शिवाय दोन पाळ्यांमध्ये पुरेशी विश्रांतीच नसेल, तर कोणतेही साधन ती उणीव भरून काढू शकत नाही. वेळापत्रक सुधारण्यासाठी वापर झाला, तरच या साधनांचा खरा लाभ होतो.