मुदतवाढीची मुत्सद्देगिरी

चीन आपल्या लहान शेजाऱ्यांना कर्जाच्या सापळ्यात पकडतो, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. पुरावा म्हणून हटकून श्रीलंकेतील हंबनटोटा बंदराचे नाव घेतले जाते. कर्ज फिटेना, म्हणून २०१७ मध्ये बंदर नव्याण्णव वर्षांसाठी चीनच्या घशात गेले, अशी ती कथा. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. भाडेपट्ट्यापोटी चिनी कंपनीने जे सुमारे ११२ कोटी डॉलर दिले त्यांतून बंदराचे कर्ज फिटले नाही. ते श्रीलंका सरकारच्या डोक्यावर तसेच राहिले, आणि आलेली रक्कम परकीय चलनाच्या गंगाजळीत गेली. २०२२ मध्ये त्या देशाचे दिवाळे वाजले तेव्हाही त्याच्या परकीय देण्यांत सर्वांत मोठा वाटा चिनी कर्जाचा नसून आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता.

याचा अर्थ चीनचे धोरण निरुपद्रवी आहे असा मुळीच नव्हे. सापळ्याच्या कथेत कर्जदार चुकताच धनको तारणावर झडप घालतो. परंतु चीनच्या प्रभावाचे खरे स्वरूप पाहावयाचे असेल तर जेथे झडप पडलेलीच नाही अशा देशाकडे वळले पाहिजे. चीनच्या दक्षिण सीमेला लागून असलेला लाओस हा तसा देश आहे.

लाओसची लोकसंख्या सुमारे पाऊण कोटी. देशाला समुद्रकिनारा नाही, मुलूख डोंगराळ. डिसेंबर २०२१ मध्ये येथे चीनच्या सीमेवरील बोतेनपासून राजधानी व्हिएन्तियानपर्यंत चारशेहून अधिक किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला. पंचाहत्तर बोगदे, दीडशेहून अधिक पूल, आणि मार्गाची जवळजवळ निम्मी लांबी जमिनीच्या पोटातून. ज्या प्रवासाला रस्त्याने सारा दिवस लागे तो आता काही तासांत होतो. या लोहमार्गाचा लाओसला उपयोग नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

प्रश्न हिशेबाचा आहे. प्रकल्पाचा खर्च सुमारे ५९० कोटी डॉलर, म्हणजे त्या देशाच्या तेव्हाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ एक तृतीयांश. पैकी साठ टक्के रक्कम चीनच्या निर्यात-आयात बँकेने एका संयुक्त कंपनीला कर्जाऊ दिली. उरलेले चाळीस टक्के भागभांडवल, त्यात चिनी कंपन्यांचा हिस्सा सत्तर टक्के आणि लाओसचा तीस. लाओसने भरावयाच्या सुमारे ७३ कोटी डॉलरपैकी सरकारी तिजोरीतून निघाले अवघे २५ कोटी. बाकीचे ४८ कोटी पुन्हा त्याच चिनी बँकेकडून उसने घेतले. कंपनीने घेतलेले मोठे कर्ज सरकारी कर्जांच्या यादीत दिसत नाही. परंतु कंपनी बुडाली तर स्वतःचाच लोहमार्ग लाओस सरकार वाऱ्यावर सोडील, असे कोणी समजू नये.

वर्गात हा हिशेब मांडला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, बुडणार हे दिसत असताना कर्ज देतात तरी कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तराचा एक भाग चीनच्या आर्थिक रचनेत सापडतो. पोलाद आणि सिमेंट यांचे तेथील उत्पादन देशाच्या गरजेहून अधिक आहे, बांधकाम कंपन्यांना कामे हवी आहेत, आणि बँका सरकारच्या मुठीत आहेत. कर्ज लाओसच्या नावे लिहिले जाते, पण त्यातील बराच पैसा चिनी ठेकेदारांच्या हाती जाऊन चीनमध्येच परततो. उत्तराचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. कर्ज फिटावे अशी धनकोची इच्छा असतेच, परंतु ते न फिटल्यानेही त्याचे सर्वस्वी नुकसान होते असे नाही.

लाओसच्या बाबतीत नेमके हेच घडले. जलविद्युतप्रकल्पांसाठी त्याने आधीच भरमसाट कर्ज काढले होते, त्यात करोनाची साथ आली. २०२० नंतर चीनने लाओसकडून येणारे हप्ते वर्षामागून वर्ष पुढे ढकलू दिले. कर्ज माफ केले नाही आणि जप्तीही आणली नाही. सर्व धनकोंना एकत्र बसवून उघड फेररचना करण्याचा मार्गही अवलंबिला गेला नाही. मुदतवाढीच्या अटी काय, हे लाओसच्या नागरिकांपुढे कधी आले नाही. चिनी कर्जांच्या शंभर करारांचा जो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गोपनीयतेची कलमे आणि सामूहिक फेररचनेपासून हे कर्ज दूर ठेवणारी कलमे वारंवार आढळली. दर वर्षी नवी मुदत मागावी लागणारा कर्जदार आपल्या धनकोविरुद्ध चारचौघांत बोलत नाही, हे कळण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

मुदतवाढीच्या याच काळात इतर गोष्टीही घडल्या. २०२१ मध्ये लाओसच्या उच्चदाब वीजवहनाचे जाळे पंचवीस वर्षांसाठी एका कंपनीकडे सोपविण्यात आले. तिच्यात बहुमताचा वाटा चीनच्या दक्षिण विभागातील सरकारी वीज कंपनीचा आहे. ही कर्जाची वसुली होती असे कागदावर कोठेही लिहिलेले नाही. राजनैतिक बाबतीत तर त्याआधीच, एप्रिल २०१६ मध्ये, दक्षिण चिनी समुद्राविषयी लाओसशी मतैक्य झाल्याचे चीनने जाहीर केले होते. हा तंटा चीन आणि आग्नेय आशियाई राष्ट्रांची संघटना यांच्यातील नव्हे, संबंधित देशांनी तो आपापसांत मिटवावा, असे त्याचे सूत्र. ज्या देशाला वीतभर किनारा नाही त्याने समुद्रावर मत द्यावे, याची गंमत वाटते. पण संघटनेत प्रत्येक सभासदाचे मत सारखेच मोजले जाते.

लहान राष्ट्रांना नकार देताच येत नाही, असेही नाही. ब्रह्मदेशाने (आताच्या म्यानमारने) २०११ मध्ये जनमताच्या दडपणाखाली मित्सोन धरणाचे काम थांबविले, आणि २०१८ मध्ये चौफ्यू बंदराच्या पहिल्या टप्प्याचा खर्च मूळ योजनेच्या मानाने पुष्कळ खाली आणला. थायलंडचे उदाहरण तर याच लोहमार्गाच्या पुढच्या टोकाचे. हा मार्ग पुढे बँकॉकपर्यंत जावयाचा आहे. २०१६ मध्ये थायलंडने ठरविले की तंत्रज्ञान चीनचे घेऊ, पैसा मात्र आपला घालू. या निर्णयाची किंमत त्याला वेळेच्या रूपाने मोजावी लागली. २०१७ अखेर आरंभलेले काम रेंगाळले, आणि सीमेवरील नोंगखाईपर्यंतच्या दुसऱ्या टप्प्यास मंत्रिमंडळाची मंजुरी मिळण्यास २०२५ उजाडले. थायलंडला हा विलंब परवडला, कारण त्याची तिजोरी आणि पत दोन्ही शाबूत होती. लाओसपाशी यांपैकी एकही नव्हते, आणि त्याच्यासमोर चीनइतके मोठे कर्ज देणारा दुसरा कोणी उभाही नव्हता. भारतासह चीनच्या सर्व टीकाकारांनी हे लक्षात घेतलेले बरे.

कर्जाचा भार अखेर कोठे उतरला ते लाओसच्या चलनात पाहावे. २०२२ च्या आरंभी एका डॉलरला सुमारे अकरा हजार किप पडत, २०२३ अखेरपर्यंत वीस हजारांहून अधिक. २०२३ च्या प्रारंभी महागाईचा वार्षिक दर चाळीस टक्क्यांवर गेला. मुदतवाढीमुळे डॉलर वाचले, तरी उरलेली देणी आणि इंधनाची आयात यांसाठी ते अपुरेच पडले. शिक्षण व आरोग्य यांवरील सरकारी खर्चाला कात्री लागली. किपमधील पगारावर घर चालेना, तेव्हा हजारो तरुण लाओशियन मेकाँग ओलांडून थायलंडमध्ये कामाला गेले. तेथे मजुरी बाथमध्ये मिळते.