वैनगंगेकाठचा महाक्षत्रप

भंडारा जिल्ह्यातली पवनी म्हटली की तट, खंदक आणि देवळं आठवतात. थोडं वाचलेल्याला १९६९-७०च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर उघडा पडलेला बौद्ध स्तूपही आठवेल. इराणच्या सम्राटांचं नाव इथे कुणी काढणार नाही. पण याच पवनीत एक छायास्तंभ, म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेला दगड, मिळाला. त्यावरच्या ब्राह्मी अक्षरांत रूपिअम्म हे नाव आहे आणि त्याला जोडून पदवी आहे महाक्षत्रपाची. वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकाला या लेखाने विचार करायला लावलं, यात नवल नाही. यातली क्षत्रप ही पदवी मुळात इराणातल्या हखामनी दरबाराची.

इसवी सनापूर्वी ५५०च्या सुमारास कुरुश, म्हणजे सायरस, याने हे साम्राज्य उभं केलं. ते चालवण्याची घडी मात्र बसवली पहिल्या दारयवहुशने (इ.स.पू. ५२२ ते ४८६). भूमध्य समुद्रापासून सिंधूपर्यंतचा मुलूख एका राजधानीतून हाकणं अशक्यच होतं. म्हणून प्रांतोप्रांती क्षत्रप बसवले. महसूल गोळा करायचा, न्यायनिवाडा करायचा, हाक आली की फौज पाठवायची, हे त्यांचं काम. क्षत्रप बहुधा राजाच्या नात्यातला किंवा बड्या घराण्यातला असे. तरी त्याच्यावर भरवसा पुरता नसे. राजाचे तपासनीस प्रांतांतून फिरत. हिरोडोटस अशा २० प्रांतांची यादी देतो. त्यात हिंदचा वसूल सगळ्यात मोठा, ३६० टॅलंट सोन्याचा चुरा! आकडा फुगवलेला असेलही, पण हिंद म्हणजे सोनं ही समजूत तेव्हाची आहे एवढं नक्की.

इ.स.पू. ३३१मध्ये अलेक्झांडरने गौगामेलाला शेवटच्या दारयवहुशचा पराभव केला. पुढच्याच वर्षी त्या पळत्या राजाचा जीव घेतला तो बेसस या बॅक्ट्रियाच्या क्षत्रपाने. घराणं संपलं, व्यवस्था राहिली. अलेक्झांडरने क्षत्रप ठेवले, ग्रीक वारसदारांनी ठेवले, आणि पुढे वायव्येकडून आलेल्या शकांनी तीच पदवी भारतात आणली.

महाराष्ट्राला यातला ओळखीचा माणूस नहपान. त्याचा जावई उषवदात नाशिकच्या लेण्यांत आपली दानं कोरून ठेवतो, आणि ती वाचताना परकेपणा शोधावा लागतो. भिक्षूंसाठी लेणं, ब्राह्मणांना ३ लाख गाई, शिवाय गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ३००० कार्षापणांची कायम ठेव. त्यातल्या २००० वर महिना एक टक्का व्याज, उरलेल्या १००० वर पाऊण टक्का. भिक्षूंचं कापडचोपड या व्याजातून भागायचं. शाळेच्या पुस्तकांनी ‘परकीय आक्रमक’ एवढ्यावर या मंडळींना उरकलं, ते मला कधी पटलं नाही.

अर्थात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला हे कौतुक नव्हतं. १९०६मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली, आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांशांवर सातवाहनांचा ठसा पुन्हा मारलेला आहे.

क्षत्रप मात्र तेवढ्याने संपले नाहीत. उज्जैनच्या चष्टनाच्या घराण्यात थोरला महाक्षत्रप आणि धाकटा क्षत्रप अशी जोडी राज्य करी. नाण्यावर स्वतःच्या नावासोबत बापाचंही नाव असे. त्यामुळेच इतिहासकारांना त्यांची वंशावळ इतकी नेटकी लावता आली. तोवर वर कुणी सम्राट उरलेला असो वा नसो, एके काळची सुभेदारी आता राजपद झाली होती.

पवनीच्या दगडाला अशी नाण्यांची साथ नाही. रूपिअम्म पश्चिमेच्या क्षत्रपांपैकी, की उत्तरेच्या कुषाणांनी नेमलेला, यावर विद्वानांचं जुळत नाही. पवनीतच भार राजा भगदत्ताचा लेखही मिळाला आहे. म्हणजे नदीकाठच्या या तटबंद नगरावर सत्ता सांगणारा महाक्षत्रप एकटाच नव्हता.