जुन्या पोर्सेलीनची पारख आणि जपणूक

जुन्या पोर्सेलीनच्या बशीची पारख ती उलटी करून सुरू होते. नक्षी आणि सोन्याची कड दर्शनी बाजूला असते. बशी कुठली, कधीची आणि किती अस्सल, हे मात्र बूड सांगते. मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीट आणि गोव्याची पोर्तुगीजकालीन घरे, ही जुन्या चिनीमातीची दोन ठिकाणे आहेत. गोव्यात चांदोरच्या मेनेझिस ब्रागांझा वाड्यात चिनी पोर्सेलीन आजही मांडलेले आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतील चिनी व जपानी भांडी बघायला मिळतात. विकत घेण्याआधी अशा अस्सल वस्तूंवरून नजर फिरलेली असावी.

पहिला प्रश्न मातीचा. खरे कठीण पोर्सेलीन केओलिन, फेल्डस्पार आणि गारेपासून बनते आणि सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजले जाते. युरोपात ते प्रथम जर्मनीत साधले आणि १७१० मध्ये माइसेन येथे कारखाना निघाला. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसाया स्पोडने रूढ केलेल्या बोन चायनात जवळपास निम्मी हाडांची राख असते. दोन्हींतून उजेड आरपार दिसतो. बशी दिव्यासमोर धरून मागे बोटे हलवली, की त्यांची सावली उमटते. बोन चायनाचा पांढरा रंग दुधाळ आणि उबदार असतो, कठीण पोर्सेलीनचा किंचित निळसर. लोणच्याच्या बरणीची माती वेगळी. तिच्यातून उजेड जात नाही.

दुसरा प्रश्न शिक्क्याचा. माइसेनच्या निळ्या, एकमेकींवर आडव्या तलवारी १७२२ पासून दिसतात आणि त्यांची नक्कलही अमाप झाली आहे. या तलवारींवर ओरखडे मारलेले असतील, तर तो माल कारखान्याने दुय्यम ठरवलेला असतो. १७७५ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल कोपनहेगनच्या तीन लाटा डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्या दाखवतात. ‘निप्पॉन’ हा शब्द असलेली जपानी भांडी बहुधा १८९१ ते १९२१ या काळातली; त्यानंतर तिथे ‘जपान’ येऊ लागले. इंग्रजी मालावर ‘मेड इन इंग्लंड’ किंवा ‘बोन चायना’ असे स्पष्ट छापलेले असेल, तर वस्तू सहसा विसाव्या शतकातील असते. नुसता शिक्का पुरावा ठरत नाही. माती, आकार, रंग आणि शिक्का यांचा मेळ बसावा लागतो.

नामांकित कलाकारांनी घडवलेले सेट तुलनेने अलीकडचे आहेत. जर्मनीच्या रोझेंथालने १९६१ मध्ये ‘स्टुडिओ-लाइन’ काढली. वास्तुरचनाकार वॉल्टर ग्रोपियस यांनी रेखलेला चहाचा सेट त्याच कारखान्याचा. याच रोझेंथालने १९९० च्या दशकात व्हर्साचेची भांडी बाजारात आणली. अशा सेटमध्ये वय कमी असले, तरी आकाराचा आणि कलाकाराच्या नावाचा मान मोठा असतो.

तपासणी क्रमाने होते. सोनेरी कडेचा कप कोमट पाण्याने धुऊन पुसला, की आधी कडेवरून नख फिरवतात. टवका डोळ्यांना दिसण्याआधी नखाला लागतो. मग कप तळहातावर मोकळा ठेवून बोटाने हलकेच वाजवतात. अखंड कपाचा नाद स्वच्छ आणि लांबणारा, तडा गेलेल्याचा बद्द. भिंगाखाली हाताने भरलेल्या रंगात कुंचल्याची ओढ दिसते, छापील चित्रात ठिपके. झिलईवरचे रंग बोटाला किंचित उंचवट्यासारखे लागतात. दांडा आणि कप यांचा जोड, चहादाणीच्या तोटीचे टोक आणि झाकणाची मूठ इथे दुरुस्ती लपलेली असते. अतिनील दिव्याखाली भरलेला भाग वेगळा चमकतो. टवका, केसासारखी चीर, झिजलेले सोने आणि अपुरा सेट यांनी किंमत उतरते. दुसऱ्या सेटचे झाकण बसवून संच ‘पुरा’ केलेला असतो, म्हणून प्रत्येक नगावरची नक्षी आणि खुणा जुळवून पाहाव्यात.

माल आणताना सर्वांत मोठा धोका हादऱ्यांचा. प्रत्येक नग कोऱ्या कागदात स्वतंत्र गुंडाळावा आणि बश्या आडव्या न रचता कडेवर उभ्या ठेवाव्यात. भाताचा पेंढा पूर्वी सर्रास वापरत, पण पावसाळी हवेत तो ओल धरतो. वर्तमानपत्राची शाईही पांढऱ्या झिलईवर डाग सोडू शकते.

कोकणच्या दमट हवेने अखंड पोर्सेलीन खराब होत नाही. बिघडतात त्या जुन्या दुरुस्त्या: सरसाचा जोड सुटतो, लोखंडी टाके गंजून भोवती तांबूस डाग पसरतो. बश्यांच्या मध्ये मऊ कापड किंवा फेल्टचे तुकडे घालावेत आणि कप एकात एक रचू नयेत. तांब्याची भांडी चिंचेने किंवा आमसुलाने लख्ख होतात, पण तोच उपाय सोनेरी कडेवर आणि झिलईवरच्या रंगांवर चालत नाही; आंबट पदार्थ जुने रंग निकामी करतो. त्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून सोलकढी, लिंबू किंवा लोणचे अशा भांड्यात वाढू नये. मऊ कापड, कोमट पाणी आणि सौम्य साबण एवढेच पुरे. ब्लीच, घासणी, डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह टाळावेत.

शंभर वर्षे वा त्याहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. परदेशातल्या मुलाबाळांना आजीचा सेट पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. म्हणून प्रत्येक नगाची नोंद ठेवावी: शिक्क्याचा फोटो, मापे, दोष, खरेदीची पावती आणि आधीच्या मालकाची माहिती. पुढच्या पिढीला वस्तूची ओळख पटवायला ही नोंद उपयोगी पडते, आणि विक्रीच्या वेळी तिच्यामुळेच किमतीला आधार मिळतो.