उताऱ्यातले आणि वहीतले पूर्वज
(द्वितीय वर्ष, कला)

“आपण मूळचे शेतकरी. शेतीत राम उरला नाही म्हणून पणजोबांनी दुकान टाकलं,” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे हे वाक्य कागदाशी ताडून पाहण्याची दुर्बुद्धीही प्रथम मलाच झाली. इतिहासाच्या तासाला ‘साधने’ हा विषय चालू होता, एवढेच निमित्त.

घराण्याचा शोध म्हटला की आपल्याकडे भाटाची वही आठवते. भाट गावात येतो, पिढ्या वाचून दाखवतो, नवी नावे लिहून घेतो आणि बिदागी घेऊन पुढच्या घरी जातो. मी ऐकलेल्या वाचनात बाप, मुलगा, पुन्हा त्याचा मुलगा, एवढेच होते. कोणी किती जमीन कसली, कोण कर्जात बुडाले, यातले काही नव्हते. ते सरकारी दप्तरात सापडते, कारण सरकारला शेतसारा हवा होता. आयर्लंडच्या खेड्यांतल्या लोकांचीही हीच गत आहे. १९२२ साली डब्लिनचा दप्तरखाना जळाला आणि जुन्या जनगणनेची बहुतेक पाने गेली. तेव्हापासून तिकडची शेतकरी घराणी १८४७ ते १८६४ या काळातल्या जमीन-आकारणीच्या याद्यांत आपले पूर्वज शोधतात.

आपल्याकडे सुरुवात सातबाऱ्यापासून करावी. उताऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात लहान आकडे असतात, ते फेरफाराचे क्रमांक. खरा इतिहास त्या फेरफारात, म्हणजे गाव नमुना सहामध्ये असतो: कोण वारले, वारस कोण लागले, जमीन कशी गेली. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, म्हणून फेरफार साधारण तिथपर्यंत पोचवतात. जुन्या कागदावर ‘जिल्हा पूर्व खानदेश’ दिसला तर गोंधळू नये. १९०६ साली खानदेशचे दोन भाग झाले, त्यातला हा आपला. आडनावावर मात्र विसंबू नये. पाटील, चौधरी, महाजन ही आडनावे गल्लीगल्लीत आहेत, आणि जुन्या नोंदीत बहुधा आडनाव नसतेच. ‘अमुक वलद तमुक’ म्हणजे तमुकाचा मुलगा अमुक. बाईच्या नावापुढे ‘कोम’ असते, म्हणजे अमक्याची बायको.

आमचा फेरफार काढायला मला तहसील कचेरीत तीन खेपा घालाव्या लागल्या. (एका खेपेला कपाटाची किल्लीच सापडत नव्हती.) १९२९ च्या नोंदीत खापरपणजोबा मयत, वारस मुलगा, वय वर्षे नऊ, आणि त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’. अज्ञान पालनकर्ती आई! तिचे नाव आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते. भाटाच्या वाचनातही ते आले नव्हते. १९३३ च्या नोंदीत सगळी जमीन ‘मुदत खरेदी’ने एका सावकाराकडे गेलेली. मुदत खरेदी म्हणजे नावाला खरेदी, पण खरे पाहता कर्ज. ठरलेल्या मुदतीत पैसे परत केले तर जमीन परत. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले होते. विधवेच्या हातात मुदतीत पैसे कुठून येणार? म्हणजे आम्ही शेती सोडली नव्हती, शेतीच आमच्या हातून गेली होती.

दुकानाचा माग काढणे याहून अवघड. दुकानदार सरकारसाठी लिहीत नाही, स्वतःसाठी लिहितो, आणि वसुली झाली की वही रद्दीत जाते. आमच्या माळ्यावर लाल बांधणीची एकच खातेवही उरली होती. पहिल्या पानावर संवत २००० होते, म्हणजे १९४३-४४. संवतातून ५७ किंवा ५६ वजा केले की इसवी सन मिळतो. साल फाटलेले असेल तर आणे-पै पाहावे. नवे पैसे १९५७ साली आले. आत गूळ, मीठ, तंबाखू, काडीपेटी यांची उधारी. पुढे मात्र वेगळेच पान निघाले. एका कुळाच्या नावावर उधारी साचलेली, तिच्यावर व्याज, आणि खाली पणजोबांच्या अक्षरात : ‘तांब्याचा हंडा ठेवला.’ ज्याची जमीन सावकाराने घेतली, त्याच मुलाने दहा वर्षांनी दुसऱ्याचा हंडा ठेवून घेतला होता.

मी ते पान आजोबांना वाचून दाखवले. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, “हे काय छापायचं असतं का?” थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, “हंडा परत दिला होता. मी लहान होतो, मीच डोक्यावर घेऊन गेलो.” खात्यावर तशी नोंद नाही. पानावर आडवी रेघ मारलेली आहे, एवढे खरे.

१९०३ च्या मागे जायचे तर मोडी यावी लागते. २०२३ साली कुणबी नोंदींची शोधमोहीम निघाली तेव्हा मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली होती. मी मोडीची बाराखडी गिरवायला घेतली आहे. सुट्टीत नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहायच्या आहेत. तिथे निदान मला एक नाव विचारता येईल, त्या नऊ वर्षांच्या मुलाच्या आईचे. फेरफारात ते शाईच्या डागाखाली अर्धेच वाचता येते.