शेड टाकण्याआधी जागेचा झोन बघा: औंधसारख्या गावात धंदा काढणाऱ्यांसाठी

मागच्या व्हिडिओत आपण भांडवलाचं बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "सर, रस्त्याकडेला घरचीच जमीन आहे. तिथं शेड टाकून तेलाचा घाणा सुरू केला तर चालेल का?"

उत्तर द्यायच्या आधी जरा मागे जाऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला कारखाना बेळगावला होता. नगरपालिकेच्या आदेशामुळे त्यांना ती जागा सोडावी लागली. मग औंधच्या राजांनी त्यांना आपल्या संस्थानात जागा दिली, तीही कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर. 1910 साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर करणारा एवढा मोठा माणूस, पण जागेच्या नियमापुढं त्यालाही बिऱ्हाड हलवावं लागलं. आज आपल्याला जागा द्यायला कुठला राजा येणार नाही. म्हणून कागद आपणच आधी बघायचे.

दोन वेगळे प्रश्न, लोक एकच समजतात

पहिला प्रश्न: जमीन शेतीची आहे की अकृषिक, म्हणजे आपण ज्याला 'एनए' म्हणतो ती? हा महसूल खात्याचा विषय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 त्याला लागू होते.

दुसरा प्रश्न: ती जमीन कुठल्या झोनमध्ये आहे? शेती, रहिवास की औद्योगिक? हा नगर रचना खात्याचा विषय. त्याला महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, 1966 लागू होतो. प्रादेशिक योजनेच्या नकाशात तुमच्या गटाला जो रंग, तो तुमचा झोन.

सातबारा बघून झोन कळत नाही, आणि झोन दाखला मिळाला म्हणजे एनए झालं असंही नाही. दोन्ही जुळलं पाहिजे.

तुमची जागा यातली कुठली?

1. गावठाणात. हद्दीच्या आतली जागा सगळ्यात सोपी. दुकान, पिठाची गिरणी, शिलाईकाम यासाठी मी पहिली पसंती इथंच देतो. इथंही बांधकाम परवानगी आणि धंद्याचे परवाने लागतातच.

2. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत. संहितेचं कलम 42-ड इथं कामाला येतं. अशी जमीन रहिवासासाठी किंवा योजनेत मान्य असलेल्या वापरासाठी अकृषिक झाली असं मानलं जातं. पण फुकट नाही. शासनानं ठरवलेली रक्कम भरावी लागते. वर्ग 2 ची जमीन असेल तर नजराणा आणि परवानगीचा भाग वेगळा.

3. त्याच्या पलीकडे, शेती झोनमध्ये. इथं सगळं बंद असतं असं नाही. 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत शेती झोनमध्येही शेतमाल प्रक्रिया, गोदाम, पेट्रोल पंप असे काही वापर अटींसह चालतात. म्हणजे घाण्याला वाट निघू शकते, पण साध्या दुकानगाळ्यांना निघेलच असं नाही.

4. औद्योगिक झोनमध्ये. कलम 44-अ प्रमाणे खऱ्याखुऱ्या उद्योगासाठी आधी एनए परवानगी लागत नाही. वापर सुरू केल्यापासून 30 दिवसांत तहसीलदारांना कळवायचं. बांधकामाचे नियम मात्र पाळायचेच.

माझी चूक ऐका

मीही एकदा फसलोय. गावातलं शेवटचं घर आणि माझी जमीन यात जेमतेम शंभर पावलं. मला वाटलं, 200 मीटरच्या आतच आहोत. शेडच्या सामानात एक लाख ऐंशी हजार घातले. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला नोंद झाली, विजेचं बिल यायला लागलं. मला वाटलं झालं काम. कर्जाची फाइल घेऊन बँकेत गेलो, तर त्यांनी झोन दाखला आणि एनएचा कागद मागितला.

मोजणी केल्यावर कळलं की शेवटचं घर म्हणजे गावठाणाची हद्द नव्हे. घरं हद्दीच्या बाहेर कधीच पसरली होती. नकाशावरच्या हद्दीपासून माझी जमीन 200 मीटरच्या पलीकडे निघाली. आठ महिने गेले. शेवटी गावठाणात भाड्याचा गाळा घेऊन दुकान काढलं. त्या शेडमध्ये आज कडबा आहे.

यातून दोन गोष्टी लिहून ठेवा. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे. तो मालकीचा पुरावा नाही आणि एनएही नाही. आणि अंतर पावलांनी मोजायचं नसतं, भूमी अभिलेखच्या नकाशावर मोजायचं असतं.

झोन बदलून मिळतो का?

मिळतो, पण तुमच्या एका अर्जावर नाही. प्रादेशिक योजनेतला फेरबदल शासन करतं (नगर रचना अधिनियमाचं कलम 20). राजपत्रात सूचना निघते, हरकती-सूचना मागवतात, त्यांचा विचार होतो आणि मग अंतिम मंजुरी. "पुढच्या वर्षी इथं झोन बदलणार आहे" असं सांगून कुणी प्लॉट गळ्यात मारत असेल, तर त्याला मंजुरीची अधिसूचना दाखवायला सांगा. ती नसेल तर भाव शेतजमिनीचाच द्या.

उलट बाजूही आहे. आपल्या गावाबद्दल अशी सूचना निघाली तर मुदतीत लेखी म्हणणं द्या. चावडीवर कितीही बोललं तरी त्याची नोंद होत नाही.

पैसे घालण्याआधी हे करा

औंध खटाव तालुक्यात, म्हणून तहसील कचेरी वडूजला आणि जिल्ह्याची कामं साताऱ्याला.

- ताजा सातबारा काढा. वर्ग 1 की 2, इतर हक्कात बोजा आहे का, हिस्सेदार किती, हे बघा.
- गट नकाशा घ्या, गावठाण हद्दीपासून मोजणी करून घ्या.
- नगर रचना कार्यालयातून झोन दाखला घ्या. अर्जात धंद्याचं नाव लिहून तो वापर चालतो का, हेही लेखी विचारा.
- राज्यमार्गालगत जागा असेल तर रस्त्याच्या मध्यापासून किती अंतर सोडायचं, हे बांधकाम विभागाला विचारा.
- दोन-चार गुंठे विकत घेत असाल तर थांबा. 2023 पासून ग्रामीण भागात शेतजमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे आहे. त्याहून लहान तुकड्याची नोंदणी अडू शकते.

यमाईच्या यात्रेला पौषात गर्दी होते, संग्रहालय बघायला वर्षभर माणसं येतात. औंधात गिऱ्हाईक आहे, धंदा चालेल. पण यात्रेच्या आधी घाईनं शेड उभी करून नंतर कागद शोधायला लागलात, तर दंडाची नोटीस येऊ शकते आणि बँकही दारात उभं करत नाही.

म्हणून आधी झोन दाखला, मग इसार. या सोमवारी नगर रचना कार्यालयात जाऊन एवढं एक काम उरकून या.